मीटरच्या पुढचं काम

घरमालक मला नेहमी आधी हॉल दाखवतो. छतात किती दिवे बसवायचे, टीव्ही कोणत्या भिंतीला, देवघरात वेगळा पॉइंट हवा की नको. मी सगळं ऐकून घेतो, वहीत उतरवून घेतो आणि मग बाहेर जाऊन खांब बघतो. खांब घरापासून किती लांब आहे, त्यावर आधीच किती सर्व्हिस वायरी लोंबतायत, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कोणत्या अंगाला आहे, मधे झाड किंवा शेजाऱ्याचा पत्रा येतो का. हॉलमधला दिवा हातभर इकडे-तिकडे झाला तर फार तर डोळ्याला खटकेल. खांबापासून मेन बोर्डापर्यंतच्या टप्प्यात हयगय झाली, तर ती कुणाच्या तरी जिवावर बेतते. म्हणून तिथं मी कुणाचीच घाई चालवून घेत नाही, वास्तुशांतीच्या मुहूर्ताचीसुद्धा.

बदनापूर हे जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. शेतकऱ्यांना ते तुरीमुळे ठाऊक आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेलं बीडीएन ७११ सारखं वाण मराठवाड्यात सगळीकडे पेरलं जातं. मी जालन्याच्या आयटीआयमधून तारतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केला, परवाना काढला आणि इथंच कामाला लागलो. तेव्हापासून गावातली माळवदं एकेक करून उतरली आणि स्लॅब पडले. माळवदाच्या घरात लाकडी पट्टीवरून गेलेली वायरींची जोडी, एक किटकॅट फ्यूज, चार बल्ब आणि एखादा पंखा, एवढाच विजेचा संसार असायचा. आज त्याच जागेवरच्या घरात फ्रिज, गिझर, दोन कूलर, बोअरची मोटार, इन्व्हर्टर आणि वरच्या खोलीत एसी असतो. भार कितीतरी पटींनी वाढला, पण खांबावरून येणारी वायर बऱ्याच ठिकाणी आजोबांच्या काळातलीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात रेल्वे लाइनीच्या पलीकडे एका दुमजली घराचं काम घेतलं. घरातले वडीलधारे म्हणजे आप्पा. मोसंबीची बाग सांभाळतात. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, सून शाळेत शिक्षिका. घरासमोरून रूळ जातात आणि त्यांच्यावर आता २५ हजार व्होल्टची तार आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई म्हणून सुरू झालेली वंदे भारत त्या तारेखालूनच धावते. आप्पांना त्या तारेची धास्ती वाटायची. मी म्हटलं, "आप्पा, त्या तारेच्या जवळपास आपण कुणी फिरकत नाही. माणसं जातात ती घरातल्या २३० व्होल्टनं, कारण तिथं आपण ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी वावरतो."

खांबापासून मीटरपर्यंतचं जोडणीचं काम महावितरणचं. वीज मंडळाचं विभाजन होऊन २००५ मध्ये ही कंपनी झाली, पण गावात अजून सगळे 'एमएसईबीवाले' असंच म्हणतात. मागणीचा अर्ज भरायचा, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा, कोटेशन भरायचं, मग लाइनमन येऊन खांबावर जोडणी करतो आणि मीटरला सील लागतं. त्या सीलला मी हात लावत नाही, कितीही ओळखीचं घर असलं तरी. पण वायर घरावर उतरते कशी, कुठून आत शिरते आणि मीटर कुठं बसतं, ही तयारी आपलीच असते. जीआयचा सर्व्हिस पाइप गच्चीच्या कठड्याला मजबूत क्लॅम्पनं धरायचा, वरचं तोंड बाक देऊन खाली वळवायचं म्हणजे पाऊस आत जात नाही. खांबापासून पाइपापर्यंत वेगळी जीआयची आधारतार ओढायची आणि सर्व्हिस वायर तिच्यावर बांधायची. वाऱ्याचा ताण आधारतारेनं सोसायचा, वायरीतल्या ॲल्युमिनियमनं नाही. पाइपात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ ठेवायचा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते त्या झोळाच्या खालच्या टोकाला गळून पडतं. हा झोळ नसला की पाणी पाइपातून सरळ मीटरच्या पेटीत उतरतं. जूनच्या पहिल्या पावसात ज्या घरांत मीटर जळतं, तिथं गेलो की मी आधी पाइपाचं तोंड बघतो.

त्यानंतर येतो तो जोड, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, घरातली वायर तांब्याची. हे दोन धातू एकमेकांना पीळ देऊन बांधले की काही महिन्यांत दमटपणानं तिथं गंज धरतो, जोड तापायला लागतो, तापला की सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. ॲल्युमिनियम मऊ आहे. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू दबून सरकतं, त्यावर हवेतल्या हवेत ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि त्या पापुद्र्यातून करंट नीट जात नाही. म्हणून टोक सोललं की बारीक पॉलिश पेपरनं घासून लगेच जोडाचं ग्रीस लावायचं, बायमेटल थिंबल वापरायचं, टर्मिनलचे दोन्ही स्क्रू आवळायचे, वायर ओढून बघायची, आणि भार सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी आपल्या बाजूचे स्क्रू पुन्हा आवळायचे. जुन्या घरांत मी पेटी उघडतो तेव्हा न्यूट्रलच्या टोकाचं इन्सुलेशन चॉकलेटी होऊन तडकलेलं दिसतं. फेजकडे सगळ्यांचं लक्ष असतं. न्यूट्रल 'गार वायर' म्हणून दुर्लक्षित राहतो. तो तुटला तर घरातली लाईट जाते, पण बोर्डात टेस्टर लावला की दोन्ही तारांवर पेटतो, कारण चालू ठेवलेल्या बल्बा-पंख्यांतून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेवर आलेली असते. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला तर त्याहून वाईट होतं. तीन फेजांवरची घरं एकमेकांत अडकतात, कुणाच्या घरात दिवा मिणमिणतो आणि कुणाच्या घरात साडेतीनशे व्होल्ट जाऊन टीव्ही, फ्रिज, चार्जर एका झटक्यात जळतात. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालायचा नाही, हा नियम त्याच कारणानं आहे. मेनला मी डबल पोल आयसोलेटर बसवतो. बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटले पाहिजेत.

मेन बोर्ड कुठं लावायचा यावरून आप्पांशी पहिलं बोलणं झालं. त्यांना तो पश्चिमेच्या भिंतीला, पोर्चमध्ये हवा होता, म्हणजे घरात पेटी दिसायला नको. मी नको म्हणालो. घरगुती एमसीबी ३० अंश तापमान धरून मोजून बनवलेला असतो. आमच्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन पत्र्याच्या पेटीवर आलं की आतलं तापमान त्याच्याही वर जातं. मग १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या आधीच पडायला लागतो. लोक म्हणतात एमसीबी खराब निघाला, २० चा लावा, २५ चा लावा. एमसीबी मोठा होतो, भिंतीतली वायर तेवढीच राहते. मग वितळते ती वायर. शेवटी बोर्ड जिन्याखाली, सावलीत, हात पोचेल अशा उंचीवर बसला. त्यावर प्रत्येक एमसीबीपुढं मी मराठीत लिहिलं: हॉल दिवे, किचन, गिझर, कूलर, बोअर, एसी. रात्री-बेरात्री घरातल्या आजीलाही कोणता बंद करायचा ते वाचता आलं पाहिजे. दोन जागा रिकाम्या ठेवल्या, गच्चीवर सोलर घ्यायचा त्यांचा विचार होता म्हणून. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून अशी विचारणा प्रत्येक नव्या घरात होते.

बोर्डातला एक महागडा डबा मात्र आप्पांना पटेना. त्याचं नाव आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. दुकानदारानंच त्यांच्या मनात भरवलं होतं की एमसीबी असताना याची गरज नाही. सूनबाई शाळेतून आल्या आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, मग एमसीबी कशाला असतो?" मी सांगितलं, एमसीबी वायरीला वाचवतो. जास्त भार आला किंवा शॉर्ट झाला तर तो पडतो. माणसाला वाचवणं त्याचं काम नाही. आणि मग त्यांना वहीच्या पानावर हिशोब करून दाखवला, कारण हा हिशोब प्रत्येक घरात व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे खांबावरून येतात फक्त फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपल्याच अंगणात खड्डा घेऊन करायचा. समजा कूलरच्या पत्र्याला आतून फेज लागली. करंट पत्र्यातून अर्थच्या वायरीनं आपल्या खड्ड्यात उतरतो, जमिनीतून डीपीच्या अर्थपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. आपला खड्डा उन्हाळ्यात २० ओहम, डीपीचा ५ ओहम धरा. २३० भागिले २५, म्हणजे नऊ अँपिअरच्या थोडं वर. १६ चा एमसीबी नऊ अँपिअरला कधीच पडणार नाही. तो रात्रभर वर राहील, आणि तेवढा वेळ कूलरच्या पत्र्यावर १८० च्या वर व्होल्ट उभे असतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरीही लेकरू चिकटलं तर सुटणार नाही. आरसीसीबी वेगळ्या रीतीनं चालतो. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सारखा ताडून बघतो. मधेच ३० मिलिअँपिअर कुठं गळाले की पडतो, आणि नियमाप्रमाणे एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. नऊ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त करंट घेतो. खड्डा २० चा जाऊन २०० ओहमचा झाला तरी पत्र्यावर सहाच्या वर व्होल्ट टिकून राहत नाहीत, वीज तुटते.

सूनबाईंनी विचारलं, "३०च का?" शिक्षिकेचा प्रश्न. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅल्झील नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली तार किती करंटपर्यंत स्वतःहून सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजून काढलं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, बायकांत साडेदहाच्या आसपास. त्याच्या वर गेलं की मूठ उघडतच नाही. १९६१ मध्ये त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारं साधन बनवलं. ३० हा आकडा त्या मर्यादेच्या वर असला तरी वेळ इतका थोडा असतो की हृदयाची लय बिघडायच्या आत वीज गेलेली असते. झटका बसतो, पण जीव राहतो. एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावतो: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्याच्या नजरेत तोही एक बल्बच.

आप्पा तोवर ऐकत होते. म्हणाले, "आमच्या जुन्या घरात कूलर करंट मारायचा. चप्पल घालून हात लावायचो. काही झालं नाही." हे वाक्य मी जालना जिल्ह्यात किती घरांत ऐकलंय! कूलरशेजारी एक चप्पल ठेवलेली असते, पाहुण्यांनाही सांगितलं जातं. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात, विदर्भात कूलरचा शॉक लागून कुणी ना कुणी गेल्याची बातमी येते, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी पाणी भरत असतं. टाकीत बादली ओतताना पाय ओले, फरशी ओली आणि चप्पल दाराशी. मी आप्पांना एवढंच विचारलं की तुमच्या नातीला चप्पल घालायची आठवण राहील का. आरसीसीबी त्याच संध्याकाळी ठरला. एक नाही, दोन: गिझर, कूलर, बोअर एकावर आणि दिवे, फ्रिज दुसऱ्यावर. एकीकडे गळती झाली तर सगळं घर अंधारात जायला नको.

अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून दीड मीटर सोडून घेतला. वरची दोन-तीन हात काळी माती, खाली मुरूम. आप्पा वर उभे राहून विचारत होते, "मिस्त्री, कामून एवढं खोल?" कारण काळी माती ओली असते तोवर तिच्याइतकी चांगली माती नाही. बाजारात अर्थिंगसाठी बेंटोनाइटच्या पिशव्या मिळतात. त्यातली चिकणमाती आणि आपल्या काळ्या रानातली चिकणमाती एकाच जातीची, पाणी धरून फुगणारी. पण मे महिन्यात हीच माती हात जाईल एवढ्या भेगा पडून उकलते, पाइपापासून सुटते आणि मधे नुसती हवा राहते. पावसाळ्यात चार-पाच ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात पंधरा-वीसवर जातो, तो असा. म्हणून पाइप भेगांच्या खाली, ओल टिकते तिथपर्यंत गेला पाहिजे. अडीच मीटरचा ४० मिलिमीटर जीआय पाइप, भोवती भरण, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाची चौकट. मीठ-कोळसा मी आता कमी वापरतो. मिठानं रीडिंग लगेच छान येतं, पण तेच मीठ जस्त खाऊन पाइप सडवतं.

पाणी ओतायचं म्हणणं सोपं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात प्यायला टँकर येत होते, तेव्हा अर्थिंगला बादलीभर पाणी घाला असं सांगायला माझी जीभ रेटायची नाही. तेव्हापासून मी जागाच अशी निवडतो की सांगावं लागू नये. आप्पांच्या घरी खड्डा धुण्याच्या दगडाजवळ घेतला. कपड्यांचं पाणी तिकडूनच झाडांना जातं, माती बाराही महिने ओलसर राहते. भर उन्हात अर्थ टेस्टरच्या खुंट्या ठोकून मोजलं तर सहा ओहम आले. घरातल्या संगमरवराच्या देवघरापेक्षा मला त्या आकड्याचा जास्त आनंद झाला.

मीटर लागण्याआधी इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला. ५०० व्होल्टवर प्रत्येक सर्किट निदान एक मेगओहमच्या वर हवं. खालचा मजला चांगला निघाला, वरच्या मजल्यावरचं एक सर्किट पडलेलं होतं. स्लॅबला पाणी मारताना एका पाइपात पाणी साचून राहिलं होतं. वायरी ओढून काढल्या, पाइप फुंकून कोरडा केला, पुन्हा ओढल्या. दुसरी अडचण इन्व्हर्टरनं आणली. लाईट सुरू झाल्यावर हॉलचा पंखा लावला की दोन्ही आरसीसीबी एकदम पडत. बदनापुरात आरसीसीबी काढून फेकले जातात ते बहुतेक इथंच. भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत इन्व्हर्टर आले आणि ते जोडणाऱ्यांनी कुठलाही न्यूट्रल कुठल्याही न्यूट्रलला बांधण्याची सवय लावली. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल कुठंतरी एकत्र आले की एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो. दोघांनाही तो गळाल्यासारखा दिसतो. हे यंत्राचं भांडण नाही, यंत्र खरंच सांगतंय. अशा वेळी आरसीसीबीला बगल देऊन वायर थेट जोडणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि घरमालक खूशही होतो. मी दोन्ही न्यूट्रल पट्ट्या सोडवल्या, एकेक वायर मोकळी करत मेगर लावत गेलो. जिन्याच्या टू-वे स्विचच्या बोर्डात इन्व्हर्टर जोडणाऱ्यानं दोन्ही आरसीसीबींचे न्यूट्रल एकाच कनेक्टरमध्ये बांधलेले सापडले. वेगळे केले, डबे वर राहिले. सूनबाईंना टेस्टचं बटण दाखवलं: महिन्यातून एकदा दाबायचं, खट्कन पडलं पाहिजे, नाही पडलं तर मला फोन.

त्याच अंगणात आप्पांच्या धाकट्या भावाचं जुनं घर आहे. तिथं सगळं नव्यानं करण्याइतके पैसे नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "थोडक्यात काय होईल?" मी म्हटलं, पैसा थोडा असेल तर पहिला आरसीसीबी, मग अर्थिंगचा खड्डा, मग मेनचे जोड. बाकीचं वायरिंग खोलीखोलीनं करता येईल. त्यांनी डबा आणला, मी बसवला आणि सगळे एमसीबी खाली ठेवून एकेक वर केला. दिवे टिकले, फ्रिज टिकला. कूलरच्या प्लगला अर्थ नव्हताच, म्हणून पाइपात ओढलेली हिरवी वायर आणून आप्पांच्या नव्या खड्ड्याला जोडून दिली. कूलरचं बटण दाबल्याबरोबर आरसीसीबी पडला. त्यांच्या घरच्या काकूंनी लगेच सांगितलं, तो दोन उन्हाळ्यांपासून करंट मारतो. कूलर अंगणात घेतला, मागची जाळी काढली. पाण्याच्या पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून सोललेली होती आणि तांबं पत्र्याला टेकलेलं. स्टेशन रोडवरून नवा पंप आणला, वायर रबराच्या ग्रोमेटमधून घेतली, पुन्हा लावलं. या खेपेला डबा वर राहिला. त्यांचा स्वतःचा खड्डा पावसाळ्याच्या तोंडाशी घ्यायचं ठरलं. तुरीच्या पेरणीआधी माणसं मोकळी असतात, खोदाईला दोघंजण त्यांच्याच घरचे मिळाले.